दातांतली चांदी



किडलेला दात भरून घेऊन माणूस घरी आला म्हणजे तो मोठ्या समाधानाने सांगतो, "दातात चांदी भरली." वाक्य थाटाचे आहे; परंतु त्यातील सत्य तोलून पाहिले तर ते निम्म्याहूनही कमी भरते. त्या चांदीत वजनाने सुमारे निम्मा भाग पारा असतो, आणि चांदी, कथील व तांबे ही मंडळी उरलेल्या निम्म्यात दाटीवाटीने राहतात. धातूंची बारीक पूड पाऱ्यात घोटली की लोण्यासारखा मऊ गोळा होतो, तो दाताच्या खळगीत दाबून बसवता येतो, आणि थोड्याच वेळात तो घट्ट होतो. यालाच पारदमेल किंवा ॲमल्गम म्हणतात.

पारा विषारी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मग ते विष आपण तोंडात, आणि तेही जन्मभरासाठी, का भरून घ्यावे? हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षे विचारला जात आहे. त्यापायी शपथा घेतल्या गेल्या, संस्था मोडल्या, काहींची प्रतिष्ठा गेली आणि काहींनी पैसा केला. हा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे. प्रश्न दाताचा असला तरी त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. तज्ज्ञ एक सांगतात, त्यांचे विरोधक दुसरे सांगतात. अशा वेळी सामान्य माणसाने विश्वास कोणावर आणि कशाच्या आधारावर ठेवावा?

पॅरिसमध्ये ऑग्यूस्त तावो याने १८२६ च्या सुमारास चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दात भरण्यास आरंभ केला. त्या काळी चांगला दंतवैद्य दात भरी तो सोन्याच्या वर्खाने. एकेक वर्ख खळगीत ठेवून ठोकत बसायचे, हे काम तासन्‌तास चाले. रोग्याला वेदना होत आणि खर्चही मोठा येई. अशा वेळी १८३३ साली क्रॉकूर नावाचे बंधू न्यूयॉर्कला अवतरले. त्यांनी आपल्या मालाला नाव दिले 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम', म्हणजे राजेशाही खनिज पर्याय. नावात राजा होता, खनिज होते. पारा मात्र कोठेच नव्हता! वेदना नाहीत, ठोकाठोकी नाही, दोन-चार मिनिटांत दात तयार, अशी जाहिरात झाली आणि श्रीमंत गिऱ्हाइकांची रीघ लागली. पण कीड नीट न काढताच हे लोक गोळे भरीत. थोड्याच दिवसांत भरलेले गोळे निखळू लागले, दात फुटू लागले, आणि वर्ष-दीड वर्षाच्या आत बंधूंनी गाशा गुंडाळला.

सोन्याचे काम करणारे दंतवैद्य संतापले यात नवल नाही. अमेरिकेत १८४० साली दंतवैद्यांची पहिली राष्ट्रीय संस्था निघाली, त्याच वर्षी बाल्टिमोरला दंतवैद्यकाचे महाविद्यालयही स्थापन झाले. भोंदू आणि शिकलेला यांत भेद करायचा, ही त्या पिढीची प्रामाणिक तळमळ होती. संस्थेने पाऱ्याचा वापर गैरवर्तन ठरविला. १८४५ साली तर तिने प्रतिज्ञापत्र काढले की, मी कोणत्याही परिस्थितीत ॲमल्गम वापरणार नाही. सही न करणाऱ्यांना बाहेरची वाट दाखविण्यात आली.

येथे क्षणभर थांबावे. या शपथेमागे पाऱ्याच्या विषाची भीती होती, ती खोटी नव्हती. पण सोन्याचा धंदा बुडेल ही भीतीही होती, आणि तीही खोटी नव्हती. दोन्ही एकाच मनात इतक्या बेमालूम मिसळल्या होत्या की सही करणाऱ्यालाही त्या वेगळ्या काढता आल्या नसत्या. एक गोष्ट मात्र कोणीच केली नाही: किती पारा बाहेर पडतो हे मोजले नाही. ज्यांना सोने परवडत नव्हते त्या रोग्यांपुढे ॲमल्गम नाकारल्यावर दात उपटण्याखेरीज मार्ग उरत नसे. तेव्हा पुष्कळ दंतवैद्य शपथ बाजूला ठेवून काम करीत राहिले. १८५० साली शपथ मागे घ्यावी लागली आणि १८५६ साली संस्थाच मोडली. १८५९ मध्ये जी नवी संस्था उभी राहिली तिने ही बंदी चालविली नाही. पुढे १८९५-९६ च्या सुमारास जी. व्ही. ब्लॅक या कसबी दंतवैद्याने धातूंचे प्रमाण प्रयोगाने ठरवून दिले. गोळा फुगून दात फुटणे किंवा आक्रसून फट पडणे हे दोष त्यामुळे आटोक्यात आले. वाद मिटला असे सर्वांना वाटले.

तो पुन्हा पेटला जर्मनीत, १९२६ साली. आल्फ्रेड श्टॉक हा नामांकित रसायनशास्त्रज्ञ. निर्वात उपकरणांत पाऱ्याच्या झडपा वापरून त्याने वर्षानुवर्षे काम केले होते. डोकेदुखी, भोवळ, सततचे पडसे आणि सर्वांत भयंकर म्हणजे स्मरणशक्तीचा ऱ्हास, यांनी तो हैराण झाला होता. हे सारे प्रयोगशाळेतील हवेत मिसळलेल्या पाऱ्याच्या वाफेचे काम, हे त्याला उशिरा कळले. कळल्यावर त्याने पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि दातांतील भरणाकडेही बोट दाखविले. परंतु तो ओरडून थांबला नाही. अत्यल्प पारा मोजण्याच्या सूक्ष्म पद्धती त्याने स्वतः बसविल्या. शंभर वर्षांच्या या भांडणात तराजू आणणारा हा पहिला मोठा माणूस. त्याच्या इशाऱ्याने बर्लिनमध्ये रोग्यांची तपासणी झाली, आणि विशेषतः तांब्याचे ॲमल्गम, जे भरण्यापूर्वी तापवावे लागे, त्याविषयी दंतवैद्य सावध झाले.

श्टॉकच्या शोधातली मेख अशी : पातळ पारा चुकून गिळला तर तो बहुतेक सगळा तसाच बाहेर पडतो, पण पाऱ्याची वाफ श्वासातून गेली तर तिच्यातील सुमारे ऐंशी टक्के भाग फुप्फुसांवाटे अंगात शिरतो. म्हणजे 'पारा विष आहे की नाही' हा प्रश्नच अपुरा होता. कोणत्या रूपात, कोणत्या वाटेने आणि किती, हे विचारायला हवे होते.

"हजारोंना काही झाले नाही, तेव्हा हे निर्धोक आहे," हा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. तो किती फसवा असतो याचे एक करुण उदाहरण सांगतो. इंग्लंडात तान्ह्या मुलांना दात येताना जी भुकटी देत तिच्यात कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे एक संयुग, असे. त्याच काळात लहान मुलांना एक विचित्र रोग होई. हातपाय लालगुलाबी होत, मूल रात्रंदिवस कळवळे, उजेड सहन होत नसे. काही मुले दगावत. लाखो मुले ती भुकटी खात आणि आजारी पडत ती थोडीच, म्हणून भुकटीचा संशय कोणाला येईना. अमेरिकेत जोसेफ वॉर्कनी याने अशा मुलांच्या लघवीत पारा शोधून काढला आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केले. १९५४ साली इंग्लंडातील उत्पादकांनी भुकटीतून कॅलोमेल काढले, आणि हा रोग जवळजवळ नाहीसाच झाला. ही भुकटी वैदूने जंगलातून आणलेली नव्हती. औषधांच्या प्रतिष्ठित दुकानांत ती राजरोस विकली जात होती.

तेव्हा शंका घेणारा प्रत्येक जण वेडा नसतो. पण शंका घेणारा प्रत्येक जण वैद्यही नसतो, हे पुढच्या प्रकरणात दिसते. १९७९ साली चर्वणाच्या वेळी भरणातून पाऱ्याची वाफ निघते हे मोजून दाखविण्यात आले. काहीच बाहेर येत नाही, ही दंतवैद्यांची जुनी ग्वाही तेथे खोटी पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९१ च्या अंदाजाप्रमाणे भरणांतून रोज सुमारे ३ ते १७ मायक्रोग्रॅम पारा अंगात राहतो. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालाखावा हिस्सा. आता प्रश्न उरला तो एवढ्याने अपाय होतो का, हा.

त्याचे उत्तर येण्याआधीच बाजार भरला. कोलोरॅडोतील हॅल हगिन्स या दंतवैद्याने भरणे काढून टाकणे हा नाना दुर्धर रोगांवर उपाय म्हणून सांगितला. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर एक रुग्ण स्त्री आली. मज्जासंस्थेच्या विकाराने पिडलेल्या या बाईंनी सांगितले की, भरणे काढली त्याच रात्री मी नाचायला गेले. लक्षावधी लोकांनी ते पाहिले. पण भरण कोरून काढताना पाऱ्याची वाफ उलट वाढते. मग पाऱ्यामुळे झालेला रोग त्याच रात्री कसा हटावा? त्या विकारात मधूनमधून आपोआप उतार पडतो, हेही वैद्यकाला ठाऊक होते. १९९६ साली हगिन्सचा परवाना रद्द झाला. ज्यांच्या दातांत पारा मुळी नव्हताच, अशा काही रोग्यांनाही त्याने पाऱ्याची बाधा सांगितली होती, हे चौकशीत उघड झाले.

खरी कसोटी २००६ साली लागली. न्यू इंग्लंडमधील ५३४ मुले आणि लिस्बनमधील सुमारे पाचशे मुले यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून, काहींचे दात ॲमल्गमने व काहींचे पांढऱ्या राळेने भरले होते. एका ठिकाणी पाच वर्षे, दुसऱ्या ठिकाणी सात वर्षे मुलांची बुद्धी, स्मृती व मज्जातंतू तपासले. ॲमल्गमच्या मुलांच्या लघवीत पारा थोडा अधिक निघाला. बुद्धीत किंवा स्मृतीत फरक पडलेला दिसला नाही. विरोधकांचे 'वाफ निघते' हे म्हणणे खरे ठरले, आणि दंतवैद्यांचे 'अपाय होत नाही' हे म्हणणे, निदान त्या मुलांपुरते, टिकले.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आपल्या रसशास्त्रात पाऱ्याला मोठा मान आहे. पण जुन्या रसाचार्यांनी पाऱ्याचे नैसर्गिक दोष सांगताना त्यात 'विष' हा दोष स्पष्ट गणला आहे, आणि म्हणूनच शोधनाचे संस्कार सांगितले आहेत. आज 'नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे' असे म्हणणारा त्या आचार्यांपेक्षा कमी सावध आहे. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली. सुमारे एकपंचमांशांत शिसे, पारा किंवा सोमल सापडला. दातातल्या मायक्रोग्रॅमसाठी दंतवैद्याला धारेवर धरायचे आणि पुडीतल्या पाऱ्याबद्दल विचारायचेच नाही, हा न्याय नव्हे. तराजू एकच हवा.

या वादाचा शेवट मात्र कोणाच्या कल्पनेत नव्हता अशा दारातून आला. जपानच्या मिनामाता गावी १९५६ साली जो रोग उघडकीस आला तो कारखान्याच्या सांडपाण्यातून माशांत शिरलेल्या मिथिल पाऱ्याचा. दातातल्या पाऱ्याहून ते रूप वेगळे व कितीतरी घातक. त्या गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्याविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतानेही २०१८ साली त्याला मान्यता दिली. दवाखान्यांच्या सांडपाण्यातून आणि स्मशानांच्या धुरातून निसर्गात जाणारा पारा थांबविण्यासाठी ॲमल्गम हळूहळू हटविण्याचे ठरले. स्वीडनने २००९ साली, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून थोडे अपवाद ठेवून ते बंद केले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनीव्हा येथे सदस्य राष्ट्रांनी २०३४ ही शेवटची मुदत ठरविली.

मग आपल्या तोंडातल्या जुन्या चांदीचे काय? २०२० साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने सांगितले की गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रोगी यांना शक्यतो नवे ॲमल्गम भरू नये; पण सुस्थितीत असलेले जुने भरण उगाच काढूही नये, कारण काढतानाच वाफ अधिक निघते. भीतीपोटी चांगला दात कोरून घेणारा माणूस ज्या पाऱ्यापासून पळतो, तोच पारा त्या दिवशी अधिक हुंगतो.

क्रॉकूर बंधूंनी पारा लपविला, शपथवाल्यांनी तो मोजला नाही, हगिन्सने तो नव्हता तेथेही दाखविला. मोजण्याचे कष्ट घेतले ते श्टॉकने, वॉर्कनीने, आणि ज्यांची नावे आपण कधी ऐकणार नाही अशा अनेक परीक्षकांनी. उद्या कोणी पदवीधर किंवा पदवीविरोधक आपल्यापुढे औषध घेऊन उभा राहिला, तर त्याला एवढेच विचारावे : "किती, कोणत्या रूपात, आणि तुम्ही ते कसे मोजले?" हा प्रश्न विचारल्यावर जो रागावेल, त्याच्यापुढे तोंड उघडण्यापूर्वी दोनदा विचार करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.