परवाना खिशात, सीमा पायाखाली: चांद्याच्या जंगलातील बंदुकीची कायदेशीर वाट

१/ परवाना असलेली बंदूक गाडीत ठेवून गडचिरोलीहून तेलंगणात किंवा छत्तीसगडमध्ये नेता येते काय? प्रश्न आजचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तराची मुळे दीडशे वर्षांहून जुनी आहेत.

२/ १८५८ साली चांदा जिल्ह्यात मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याला फाशी देण्यात आले. त्यांचे सहकारी व्यंकटराव सीमा ओलांडून बस्तर संस्थानात गेले आणि १८६० पर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. सशस्त्र माणूस सीमेपलीकडे गेला की सत्तेचा हात किती आखूड पडतो, हे या मुलखाने तेव्हाच पाहिले होते.

३/ पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. भारतीयांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा झाला. युरोपीयांना मात्र त्यातून सूट मिळाली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध आवाज उठला, तो या भेदामुळे.

४/ चांद्याच्या माणसासाठी या कायद्याला आणखी एक बाजू होती. पूर्वेला बस्तर, प्राणहितेपलीकडे निजामाचे राज्य. दोन्ही संस्थाने कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरची! त्यामुळे नदीपार शस्त्रे नेणे ही ‘निर्यात’ ठरे आणि तिला परवाना लागे. कायदेशीर शस्त्रधारकास स्वतःच्या वापरापुरती सवलत होती, व्यापाऱ्यास नव्हती.

५/ त्याच कायद्याचे १२ वे कलम विशेष लक्षात ठेवावे असे आहे. शस्त्र संशयास्पद रीतीने नेले जात असेल, तर परवाना असो वा नसो, वाहून नेणाऱ्यास वॉरंटाशिवाय पकडता येत असे.

६/ १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली. १९६० मध्ये चांदा महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली वेगळा झाला. जुन्या संस्थानी सीमांच्या जागी राज्यांच्या सीमा आल्या. १९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. पण १२ व्या कलमाचा आशय टिकला. तो आजच्या २० व्या कलमात आढळतो, आणि त्यात रेल्वे, जहाज, विमान यांच्यासह वाहनावर काम करणाऱ्यांनाही अटकेचा अधिकार आहे.

७/ परवान्यावर त्याचे वैधता-क्षेत्र नोंदलेले असते. ते एका राज्यापुरते असेल, तर सिरोंच्याचा पूल ओलांडून काळेश्वरमला पोहोचताच तो परवाना अपुरा पडतो. क्षेत्र आधीच वाढवून घ्यावे लागते. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्णपणे झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असली पाहिजे.

८/ या जंगलात राज्याच्या सीमेआधीच दुसरी सीमा लागते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि हाच नियम राष्ट्रीय उद्यानासही लागू आहे. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र-परवानाधारकास नाव नोंदवावे लागते. गुन्ह्यात वापरलेले शस्त्र आणि वाहन दोन्ही सरकारजमा होतात.

९/ मग या साऱ्याचा भार कोणावर पडला? १९५९ च्या कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद केली. हीच इथली ‘भरमार’. रानडुकरांपासून धान वाचवणाऱ्या शेतकऱ्याचे ते साधन. पण जंगलालगतच्या गावात तेच साधन शिकारीच्या आणि पुढे नक्षल चळवळीच्या संशयाखाली आले. गेल्या काही वर्षांत गडचिरोलीतील अनेक गावकऱ्यांनी आपल्या भरमार बंदुका पोलिसांकडे जमा केल्या आहेत.

१०/ तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: नेता येते, पण परवान्याचे क्षेत्र सीमेपलीकडे पोहोचत असेल, वाट अभयारण्यातून जात असल्यास लेखी परवानगी असेल, आणि बंदूक नेण्याची रीत संशयास जागा देणारी नसेल, तरच. १८७८ चा वंशभेद कायद्यातून गेला. परवानाधारकाकडेही संशयाने पाहण्याची मुभा मात्र कायद्याने कायम ठेवली. सीमेवरच्या जिल्ह्यात या मुभेची झळ आधी लागते ती जंगलकाठच्या शेतकऱ्याला.