डोक्याचा शेक

कॅन्सरच्या वॉर्डात रेडिएशनला आजही कुणी ‘लाईट’ म्हणतं, कुणी ‘शेक’. ‘डोक्यात गेलंय, आता दहा दिवस शेक देणार आहेत,’ असं नातेवाईक एकमेकांना हलक्या आवाजात सांगतात. हा शेक आला कुठून?

त्याआधी, कॅन्सर मेंदूत का जातो? याचं जुनं उत्तर शेतकऱ्याला चटकन पटेल असं आहे. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या आणि 1889 मध्ये लिहिलं, की बी चहूकडे उडतं, पण रुजतं ते मानवेल त्याच जमिनीत. मेंदूची जमीन फुप्फुसाच्या, स्तनाच्या आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरला मानवते. प्रोस्टेटच्या कॅन्सरला क्वचितच. रक्तातून वाहत आलेल्या पेशी करड्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर, जिथे रक्तवाहिन्या एकदम अरुंद होतात, तिथे अडकतात. दहापैकी आठेक गाठी मोठ्या मेंदूत सापडतात.

1954 साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या चाओ, फिलिप्स आणि निक्सन या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या डोक्याला क्ष-किरण देऊन पाहिले. बऱ्याच जणांचं दुखणं हलकं झालं. सीटी स्कॅन तेव्हा नव्हता. गाठी किती आणि नेमक्या कुठे, हे कळायला खात्रीचा मार्ग नव्हता. मग सगळ्याच डोक्याला शेक देणं ओघाने आलं. 1961 मध्ये मिनेसोटाच्या गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोनने उतरते, हे दाखवलं. अडखळणारी जीभ दोन दिवसांत ताळ्यावर आलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या स्वस्त औषधाचं मोल सांगावं लागत नाही.

पहिला सीटी स्कॅन 1971 मध्ये लंडनला झाला, पुढे एमआरआय आला, आणि गाठ दिसू लागली. तरी ती दिसते म्हणून कापावी का? केंटकीच्या रॉय पॅचेल यांनी 1990 मध्ये याचं उत्तर दिलं. मेंदूत एकच गाठ असलेल्यांपैकी काहींची गाठ काढून मग शेक दिला, काहींना नुसता शेक. पहिल्या गटातले निम्मे रुग्ण 40 आठवड्यांहून जास्त जगले, दुसऱ्यातले निम्मे 15 आठवड्यांहून. मला मात्र त्या अभ्यासातली दुसरीच नोंद विसरता येत नाही. कॅन्सर पसरलाय असं धरून चाललेल्या 54 जणांपैकी 6 जणांच्या डोक्यातली ती गाठ पसरलेला कॅन्सर नव्हतीच. त्याआधीच्या वर्षांत असे किती जण तुकडा न तपासताच त्या शेकाखाली गेले असतील!

इकडे स्टॉकहोममध्ये लार्स लेक्सेल यांनी 1968 मध्येच गॅमा नाइफ उभी केली होती. तिच्यात कोबाल्टचे 179 बारीक झोत एकाच बिंदूवर येऊन मिळत. वाटेतल्या मेंदूला प्रत्येक झोताचा जेमतेम स्पर्श होतो. पसरलेल्या गाठी बहुधा गोल आणि काठ स्पष्ट असलेल्या असतात, त्यामुळे हे यंत्र त्यांना चपखल बसलं. पण सवय सुटेना. डागावर नेमका मारा करूनही वर ‘खबरदारी म्हणून’ साऱ्या डोक्याला शेक दिला जाई.

ती सवय मोडली 12 शब्दांच्या एका यादीने. ह्यूस्टनच्या एरिक चँग यांच्या चाचणीत रुग्णांना शब्द वाचून दाखवत आणि आठवतील तेवढे सांगायला लावत. चार महिन्यांनी, नेमक्या माऱ्यासोबत पूर्ण शेकही घेतलेल्यांची स्मरणशक्ती घसरण्याची शक्यता 52 टक्के निघाली. नुसता नेमका मारा घेतलेल्यांत 24 टक्के. 58 रुग्णांवरच चाचणी थांबवावी लागली. 2009 ची ही गोष्ट. तोवर मोजदाद मुख्यतः जगलेल्या आठवड्यांची होती. माणूस घरी परतल्यावर त्याला नातवाचं नाव आठवतं का, हा प्रश्न इतक्या उशिरा मोजमापात आला, याची मला आजही खंत वाटते.

2016 मध्ये ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीने तर फुप्फुसाच्या कॅन्सरचे 538 रुग्ण पाहून सांगितलं, की शस्त्रक्रिया किंवा नेमका मारा ज्यांना योग्य नाही, त्यांना पूर्ण शेक दिला तर निम्मे रुग्ण 9.2 आठवड्यांहून जास्त जगले, नुसती औषधं आणि शुश्रूषा दिली तर 8.5.

औषधांचीही कहाणी उलटसुलट आहे. 1998 मध्ये आलेल्या ट्रॅस्टुझुमॅबने स्तनाचा एक आक्रमक कॅन्सर शरीरात आवरला, पण त्याचा मोठा रेणू रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या कुंपणापाशी अडतो. बाया जास्त जगू लागल्या आणि मेंदूतल्या गाठी जास्त दिसू लागल्या. पुढे कुंपण ओलांडणाऱ्या गोळ्या आल्या. फुप्फुसाच्या ज्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर जनुकात बदल असतो, आणि असे रुग्ण आपल्याकडे बरेच आहेत, त्यांच्या मेंदूतल्या गाठी ओसिमर्टिनिबच्या रोजच्या एका गोळीने आक्रसू शकतात. ऑगस्ट 2015 मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी मेंदूत मेलॅनोमाचे चार ठिपके असल्याचं जाहीर केलं. नेमका मारा आणि प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारं पेंब्रोलिझुमॅब मिळाल्यावर डिसेंबरात ठिपके नाहीसे झाले. ते गेले 2024 मध्ये, शंभराव्या वर्षी. सगळ्यांचं असं होत नाही.

म्हणून डॉक्टर आता आधी विचारतात, डाग किती, केवढे, आणि जनुकाचा रिपोर्ट आला का. ज्यांच्या मेंदूभर बारीक गाठी विखुरल्या आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना पूर्ण शेक आजही लागतो. पण 2020 पासून हाती आलेल्या पुराव्यानुसार, जमेल तिथे तो देताना दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला असलेली हिप्पोकॅम्पसची ती दोन चिमुकली वळणं किरणांपासून राखली जातात, कारण नवी आठवण तिथे घडते.