ज्यूकबॉक्समधला अंधार

१९४६ साली अमेरिकेतील वुर्लिट्झर कारखान्याने ‘१०१५’ हा ज्यूकबॉक्स बाजारात आणला. नाणे टाकावे नि तबकडी ऐकावी, एवढेच त्याचे काम. पण रचनाकार पॉल फुलर यांनी त्याला मोहिनी दिली ती प्रकाशाची. कमानीवरच्या काचनळ्यांत सहज उकळणारा द्रव असे. तळाशी ऊब मिळताच रंगीत उजेडातून बुडबुडे वर धावत. अशी ५६ हजारांहून अधिक यंत्रे खपली.

आज असे यंत्र दुरुस्तीस घेणाऱ्याची पहिली गाठ पडते ती अंधाराशी. नवा फ्यूज घालावा तर तोही जळतो आणि त्या जागी जाड तार बसविण्याचा मोह होतो. येथेच घात होतो. तारांवरील जुने रबर ठिसूळ होऊन गळलेले असते. उघड्या तारा एकमेकींस किंवा पत्र्यास भिडतात. फ्यूज जळतो तो हेच सांगण्यासाठी. जाड तार वितळत नाही. मग मागच्या तारा तापतात आणि लाकडी पेटीच पेट घेते.

म्हणून आधी वीजजोड काढावा, दिव्यांची एकेक शाखा सोडवून तपासावी, निकामी तारा बदलाव्यात आणि मूळ मापाचाच फ्यूज बसवावा. उजेडास चार दिवस उशीर झाला तरी चालेल. जळालेली पेटी मात्र पुन्हा मिळत नाही.