जमिनीचे मोल ठरवणारे

महाराष्ट्रात जमिनीचे मोल ठरवण्याचे काम जुने आहे, पण त्यावर उपजीविका करणारा स्वतंत्र व्यावसायिक अगदी अलीकडचा. मिरासी, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, जमिनीची खरेदी-विक्री पूर्वीही होत असे. तिची किंमत घेणारा आणि देणारा आपसात ठरवत. सरकारला जमिनीचे मोल हवे असे ते साऱ्यासाठी. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी केलेल्या पाहणीत पाच हात पाच मुठींची काठी होती. अशा वीस काठ्या औरसचौरस जागेचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर धरत. जमीन किती याच्याइतकेच ती कशी आहे, हेही पाहिले जाई.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने हेच काम नव्याने हाती घेतले. १८२७-२८ च्या सुमारास रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात पाहणी सुरू केली. शेताचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब होता. कागदावर तो निर्दोष दिसे. पण उत्पन्नाचे आकडेच भरवशाचे नव्हते, खालच्या अमल्यांची लाचखोरी चालू होती आणि सारा इतका चढला की पुष्कळ जमिनी पडीक पडल्या.

१८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. निव्वळ उत्पन्न किती, हा प्रश्नच त्यांनी सोडून दिला. फक्त या शेतापेक्षा ते शेत किती सरस, एवढेच ठरवायचे. प्रतबंदी करणारा कारकून शेताचे सारखे भाग पाडी, प्रत्येक भागात जमीन खणून मातीची खोली हाताने मोजी, तिचा रंग आणि पोत पाही. चुनखडी, रेती, उतार, पाणी साचणे, ओघळाने माती वाहून जाणे असे दोष निघाले की प्रत खाली उतरे. एकूण नऊ प्रती होत्या. सर्वांत चांगली जमीन सोळा आणे, सर्वांत हलकी दोन आणे. त्यावरून बसवलेली आकारणी तीस वर्षे कायम राही. सातबाऱ्यावरचा ‘आकार’ हा रकाना त्याच पद्धतीचा वारसा आहे, आणि ३३ फूट लांब-रुंद गुंठाही त्याच मोजणीच्या साखळीतून आला. किंमत स्वतंत्रपणे न सांगता तुलनेने सांगायची, ही विंगेटची युक्ती आजच्या मूल्यांककाच्या कामाचाही पाया आहे.

सारा ठरलेला, हक्क वारशाने मिळणारा आणि जमीन विकता-गहाण टाकता येणारी, अशी स्थिती १८६५ च्या कायद्याने पक्की झाली. आता शेत हे सावकाराच्या दृष्टीने उत्तम तारण होते. अमेरिकेतील यादवी युद्धात कापसाला भाव आला तेव्हा कर्जे वाढली. भाव पडल्यावर ती फिटेनात. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध दंगा उसळला. त्याच्या कारणांविषयी इतिहासकारांत एकमत नाही, पण जमिनीला बाजारात किंमत आली होती, हे खते आणि गहाणपत्रे जाळणाऱ्या शेतकऱ्यांना चांगलेच ठाऊक होते.

शहरी मालमत्तेच्या मूल्यांकनाला खरा जोर आला तो भूसंपादनामुळे. १८९४ च्या कायद्याने सरकारने घेतलेल्या जमिनीला बाजारभाव आणि वर १५ टक्के दिलासा रक्कम देण्याचे ठरले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रस्ते काढू लागला. चाळीची किंमत काढायची तर वर्षाचे भाडे घेऊन त्याला काही वर्षांच्या पटीने गुणायचे. पण खोलीत जितकी माणसे कोंबली, तितके भाडे जास्त. म्हणजे चाळ जितकी गलिच्छ, तितकी तिची भरपाई मोठी. असल्या पेचातून वाट काढता काढता वकील, अभियंते आणि मोजणीदार या कामात मुरले.

१९१४ मध्ये मुंबई सरकारने या कामासाठी सल्लागार सर्वेक्षकाचे पद निर्माण केले. आजचा नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग त्यातूनच वाढला. १९१५ च्या नगररचना कायद्यात मूळ भूखंडाची आणि अंतिम भूखंडाची अशा दोन किमती काढून वाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून घेण्याची सोय होती. अजून न झालेल्या रस्त्याने जमीन किती महागेल, हे लवादाला आधीच सांगावे लागे.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले आणि भाड्यावरून किंमत काढण्याची पद्धत जुन्या इमारतींपुरती जवळजवळ निरर्थक झाली. मोक्याच्या जागेची इमारत मालकाच्या हिशेबात कवडीमोल आणि भाडेकरूच्या हक्काच्या, म्हणजे पागडीच्या, व्यवहारात सोन्याच्या भावाची, असा चमत्कार मुंबईने कित्येक दशके पाहिला.

खासगी मूल्यांककाला कायद्याचे स्थान दिले ते करांनी. १९५३ चे मृत्युशुल्क आणि १९५७ चा संपत्ती कर या दोन्हींसाठी घर-जमिनीची किंमत लागे. १९७२ च्या दुरुस्तीने संपत्ती कर कायद्यात नोंदणीकृत मूल्यांककाची तरतूद आली. मृत्युशुल्क १९८५ मध्ये आणि संपत्ती कर २०१५ मध्ये गेला, तरी धंदा आटला नाही. तोवर बँकांची तारणे आणि भांडवली नफ्याचा हिशेब यांनी त्याला दुसरा आधार दिला होता. वडिलोपार्जित घर विकणाऱ्याला १ एप्रिल २००१ रोजीची किंमत सिद्ध करावी लागते आणि त्यासाठी तो मूल्यांककाकडेच येतो.

प्रत्यक्ष काम अजूनही पायी फिरण्याचे आहे. मूल्यांकक सातबारा, फेरफार आणि इंडेक्स टू पाहतो, टेपने खोल्या मोजतो, ओल आणि भेगा टिपतो, आजूबाजूच्या अलीकडच्या दस्तांशी ताळा घालतो. रेडी रेकनरचा दर त्याला मुद्रांकशुल्काचा किमान आधार म्हणून माहीत असतो, पण तो बाजारभाव नव्हे. दस्तातला आकडाही नेहमी खरा नसतो. मुद्रांकशुल्क वाचवायला किंमत कमी लिहिण्याची सवय गावोगाव आहे आणि ती नंतर अंगलट येते, कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव काढण्याची एक रीत मागील तीन वर्षांच्या दस्तांवर बेतलेली आहे: त्यांतल्या चढ्या किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी घेतात. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते खरी, पण ती कमी लिहिलेल्या किमतीवरच.

कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांनी या व्यवसायाचे दार अधिक अरुंद आणि अधिक स्पष्ट केले. जमीन व इमारत या वर्गासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचना यांतील पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षण असल्यास तीन वर्षे पुरतात. मान्यताप्राप्त संस्थेकडून ५० तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षेत किमान ६० टक्के गुण मिळवावे लागतात. मग नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे नोंदणी होते. कर्जबुडव्या कंपनीच्या जमिनीची किंमत काढण्याचे काम या नोंदणीशिवाय करता येत नाही.