लांब हातांचा हिशेब

पाठीला भोपळा बांधून मी विहिरीत पोहायला शिकलो. पाय सारखे बुडायचे. अब्बा म्हणायचे, ‘छाती तरंगते, पाय ओढतात.’ २००८मध्ये बीजिंगला मायकेल फेल्प्सने आठ सुवर्णपदके जिंकली, तेव्हा ते आठवले. त्याची उंची १९३ सेंटिमीटर, पसरलेल्या हातांची लांबी २०१. धड लांब, पाय त्यामानाने आखूड. नावेचाच बांधा! पण १९८८ला सोलमध्ये अमेरिकेच्या जेनेट इव्हान्सने तीन सुवर्णपदके मिळवली, ती बांध्याच्या जोरावर नव्हे. ठेंगणी, किरकोळ अंगाची पोर. सरळ हात पवनचक्कीसारखे गरगर फिरवायची. समोर पूर्व जर्मनीच्या तगड्या मुली. चारशे मीटर फ्रीस्टाइलचा तिथला तिचा विक्रम २००६पर्यंत टिकला. एवढ्या वर्षांत तिच्याहून उंच किती जणी त्या विक्रमामागे पोहल्या असतील!