महाविद्यालय आणि वस्ती : एका शेजाराचा इतिहास

शिक्षणसंस्थांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा त्यांत संस्थापकांची चरित्रे येतात, देणगीदारांची नामावली येते, इमारतींच्या कोनशिला आणि परीक्षांचे निकाल येतात. कुंपणापलीकडे राहणाऱ्या माणसांचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. वस्तुतः कोणतीही संस्था वाढते ती कोणाच्या तरी शेजारी. तिच्या घंटेचा नाद, तिच्या विद्यार्थ्यांची वर्दळ, तिच्या मैदानावरची धूळ आणि तिच्या झाडांची सावली यांत शेजाऱ्यांचाही वाटा असतो.

जबलपूरकरांना याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. शहरातून गोहलपूर ओलांडून पुढे गेले की अधारताल येते. राणी दुर्गावतीचे मंत्री आधार कायस्थ यांच्या नावावरून या तलावाला हे नाव मिळाले. १५६४ साली राणी रणांगणावर पडली. त्यानंतर चारशे वर्षांनी, १९६४ मध्ये, या अधारताल परिसरातच जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय उभे राहिले. त्याआधी १९४७ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे गोकलपूरच्या विस्तीर्ण आवारात स्थिरावले. १९५६ मध्ये जबलपूर विश्वविद्यालयाची स्थापना झाली. या संस्थांना मोकळी जागा हवी होती आणि ती त्यांना तत्कालीन शहराच्या कडेला मिळाली. आज त्यांच्या भोवती घरे आहेत, दुकाने आहेत, विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत. संस्था गावाबाहेर गेली आणि गाव तिच्या मागोमाग गेले.

विद्यापीठ आणि वस्ती यांचे नाते जगात सर्वत्र जुने आहे आणि ते नेहमीच सुखाचे होते असे नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे १३५५ च्या फेब्रुवारीत एका गुत्त्यात मद्याच्या प्रतीवरून वाद पेटला; विद्यार्थी आणि नगरवासी यांच्यात रक्तपात होऊन अनेकांचे प्राण गेले. त्याचे प्रायश्चित्त म्हणून नगराला विद्यापीठापुढे दरवर्षी दंड भरावा लागे आणि ही प्रथा १८२५ पर्यंत चालली. आपल्याकडे नालंदेचे चित्र निराळे दिसते. युआन श्वांगच्या वृत्तांतानुसार राजाने शंभर गावांचे उत्पन्न त्या महाविहाराला लावून दिले होते आणि तेथील कुटुंबे तांदूळ, दूध व लोणी पुरवीत. भिक्षूंचे अध्ययन निर्वेधपणे चाले, कारण शिधा परिसरातून येई. ऑक्सफर्डचा कलह काय किंवा नालंदेचा शिधा काय, विद्येचे आवार कुंपणाच्या आत स्वयंपूर्ण कधीच नसते, हेच दोहोंतून दिसते.

मराठी समाजात या नात्याचा सलग इतिहास पाहायचा तर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाकडे वळावे लागते. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. आगरकर लवकरच त्यांना मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाचा प्रारंभ झाला. आरंभी त्याचे वर्ग पेठेतील वाड्यात भरत. वाड्यात वर्ग भरवता येतात. मैदान, वसतिगृह आणि प्रयोगशाळा यांना जागा कोठून आणायची? १८९५ मध्ये महाविद्यालय मुठा नदीपलीकडे, भांबुर्डे गावाच्या शिवारालगत, टेकडीच्या पायथ्याशी गेले. आजच्या हिशेबाने हे अंतर अगदी थोडे. परंतु त्या काळी नदी ओलांडली की गाव संपे.

शांतता शोधत गेलेल्या या महाविद्यालयाला एकांत फार काळ लाभला नाही. १८९६-९७ च्या प्लेगने पेठांतील दाट वस्तीचा धोका सर्वांना दाखवून दिला आणि ऐपत असलेली कुटुंबे मोकळ्या हवेकडे पाहू लागली. १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याचे निवासस्थान महाविद्यालयाच्या शेजारीच झाले. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना सुरू झाला आणि पुढे त्याच नावाची वसाहत वसली. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९२४ मध्ये विधी महाविद्यालय, १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था, १९३३ मध्ये कोल्हापूरहून आलेली प्रभात फिल्म कंपनी, १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय अशी भर पडत गेली आणि टेकडीचा पायथा भरून गेला.

त्या पहिल्या पिढीत शेजार सुखाचा होता, याचे कारण उघड आहे. वसाहतीत राहणारे आणि महाविद्यालयात शिकवणारे पुष्कळदा एकच होते. संस्थेच्या आवारातून जाणारी पायवाट कोणाची, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नसेल. गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे महाविद्यालयातील काम आटोपून हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी जात. वाट ओबडधोबड होती, पावसाळ्यात चिखलाची होती. वर्ग संपला म्हणून त्यांचे शिक्षण कुंपणाशी थांबत नसे. आवाराबाहेरील समाजातल्या निराधार स्त्रियांपर्यंत ते चालत जाई. आज त्या बाजूच्या हमरस्त्याला कर्वे यांचेच नाव आहे.

पुढे चित्र पालटले. १९६१ च्या पानशेत पुरानंतर आणि त्यानंतरच्या दशकांत पुणे पश्चिमेकडे झपाट्याने पसरले. विद्यार्थिसंख्या वाढली, वसतिगृहे अपुरी पडली, बंगल्यांच्या मागच्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. महाविद्यालयासमोरचा शांत रस्ता उपाहारगृहे, कपड्यांची दुकाने आणि वाहनांच्या रांगा यांनी गजबजला. अखेर तो एकेरी वाहतुकीचा करावा लागला. शेजाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या: रात्रीचा गोंगाट, फाटकासमोर लावलेल्या दुचाकी, जुन्या बंगल्यांच्या जागी उठणाऱ्या इमारती. संस्थांची बाजूही खोटी नव्हती. वाढत्या विद्यार्थ्यांना सामावून घ्यायचे तर नवे वर्ग हवेत. आणि ज्या गर्दीचा दोष विद्यार्थ्यांना दिला जातो तिच्यावर घरभाडे आणि दुकानदारी चालते, हेही विसरता येत नाही.

अशा वादात एक वाक्य हमखास उच्चारले जाते : आम्ही इथे आधीपासून आहोत. महाविद्यालय म्हणते, आम्ही आलो तेव्हा येथे घरे नव्हती. रहिवासी म्हणतात, आम्ही घर बांधले तेव्हा हा गजबजाट नव्हता. दोघांचेही म्हणणे खरे असते. परंतु दोघांच्याही आधी तेथे भांबुर्डे होते. पाताळेश्वराचे आठव्या शतकातील लेणे त्या गावाच्या प्राचीनत्वाची साक्ष देते. त्या गावाचे शिवार नाहीसे झाले, नावही बदलून शिवाजीनगर झाले. आधी कोण आले यावरच हक्क ठरवायचा तर तो महाविद्यालयाकडे राहत नाही आणि वसाहतीकडेही राहत नाही. म्हणून शेजाराचा निवाडा कालक्रमाने होऊ शकत नाही. कोणी काय राखले आणि कोणाला वाट दिली, यावरच तो व्हायला हवा.

या कसोटीवर पाहता पुण्याच्या त्या टेकड्यांचा अलीकडचा इतिहास बोलका आहे. विधी महाविद्यालयाच्या मागील टेकडीचा मोठा भाग संस्थेच्या मालकीचा आहे. तरीही पिढ्यानुपिढ्या आसपासचे नागरिक तेथे सकाळ-संध्याकाळ फिरायला जात आले. कागदावर ती जमीन संस्थेची, वहिवाटीने ती साऱ्या परिसराची. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगाने सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता काढण्याची योजना महानगरपालिकेने पुढे आणली तेव्हा तिला नागरिकांनी जोरदार विरोध केला. वाहतुकीचा ताण खरा आहे, असे म्हणणारेही होतेच. विधी महाविद्यालय रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला ते नाकारता येणार नाही. परंतु २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीच्या रक्षणासाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. ज्या भूमीवर आपले नाव नाही तिच्यासाठी माणसे उन्हात चालली, कारण ती भूमी त्यांना कधी परकी वाटलीच नव्हती. टेकडीला भिंत घातली गेली असती तर त्या भिंतीपलीकडच्या झाडांसाठी कोण चालले असते?

जबलपूरच्या उत्तरेला आज हेच प्रश्न वेगळ्या रूपात उभे आहेत. मोकळी आवारे आता शहराच्या मध्यात आली आहेत. तलाव आहेत, जुने वृक्ष आहेत, भोवती दाटीने राहणारी कुटुंबे आहेत, आणि दूरच्या गावांतून शिकायला आलेली, भाड्याच्या खोलीत दिवा लावून बसणारी मुले आहेत. त्या मुलांना उपद्रव मानायचे की घरचे मानायचे, हे वस्तीने ठरवायचे आहे. आणि भोवतालच्या माणसांना अडथळा मानायचे की आपले मानायचे, हे संस्थांनी. नवी इमारत बांधण्यापूर्वी शेजाऱ्यांशी चार शब्द बोलणे, सुटीच्या दिवशी मैदान परिसरातील मुलांसाठी खुले ठेवणे, पावसाचे पाणी दुसऱ्याच्या दारात न सोडणे, खोली भाड्याने देताना मुलाच्या जेवणाची चौकशी करणे या गोष्टी कोणत्याही घटनापत्रकात लिहिलेल्या नसतात. संबंध टिकतात ते त्यांवरच.

साठ वर्षे पूर्ण करणारी शाळाही शेवटी कोणाची तरी शेजारीण असते. तिची प्रार्थना ऐकून कोणाच्या तरी घरी चहाचे आधण चढते. तिची मधली सुटी झाली की कोणाच्या तरी दुकानापुढे झुंबड उडते. चेंडू भिंतीपलीकडे गेला की कोणीतरी तो न रागावता परत फेकते. चेंडू परत फेकणाऱ्यांची नावे हजेरीपटावर कधीच चढली नाहीत. हीरक महोत्सवाच्या आभारप्रदर्शनात निदान त्यांच्यासाठी एक ओळ असावी.