साच्याचा खर्च

नेरळजवळच्या शेलूच्या शिवारातून आगगाडी धावू लागली ती १८५६ साली. जीआयपी रेल्वेचा रूळ १८५३ मध्ये ठाण्याला आणि वर्षभराने कल्याणला पोचला होता. १२ मे १८५६ रोजी तो थेट घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला जाऊन भिडला. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. रुळांपासून इंजिनांपर्यंत सारे सामान बोटीने विलायतेहून आले. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी आणि मध्ये भाताची खाचरे, अशा या पट्ट्याची यंत्रयुगाशी ओळख झाली ती याच रीतीने. यंत्र इथे चालणार होते, घडणार मात्र दुसरीकडे.

त्यामागे राज्यकर्त्यांचा स्वार्थ होताच. पण आणखी एक कारण थेट कारखान्याच्या जमिनीवर होते आणि त्याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ते कारण म्हणजे साचा.

धातूची वस्तू घडवायचे जुने मार्ग तीन: ओतणे, ठोकणे आणि कापणे. बिडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो. तो करणारा मिस्त्री सागवानातून भागाची प्रतिकृती काढतो, पण ती मूळ मापाची ठेवून चालत नाही. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. वाळू न मोडता तो वर निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. जिथे पुढे लेथ चालणार तिथे छिलायला थोडा माल शिल्लक ठेवायचा. आतल्या पोकळीसाठी वाळूचा वेगळा कोअर लागतो आणि तो भरायला वेगळी पेटी. हे सगळे गणित मिस्त्रीच्या डोक्यात आणि बोटांत असे. ही विद्या वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताखाली राबूनच येई.

आणि हा सगळा खर्च पहिला नग ओतण्याआधीचा. पुढे एक नग काढा की हजार, साच्याची किंमत तेवढीच. हजारांत खपणाऱ्या वस्तूच्या अंगावर तो खर्च पसरून दिसेनासा होतो. ज्याला एकच नग हवा, त्याच्या मात्र तो उरावर बसतो.

शेलूच्या पुढच्याच स्टेशनावर, नेरळला, याचे जितेजागते उदाहरण आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली माथेरानची दोन फुटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. सुमारे एकवीस किलोमीटरच्या त्या वाटेवर इतकी तीव्र वळणे आहेत की साधे इंजिन तिथे वळलेच नसते. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार खास इंजिने आली. त्यांचे बाहेरचे आस वळणावर रुळांच्या कलाने फिरत. आता विचार करा, खास या वाटेसाठी आलेली मोजकीच यंत्रे, आणि त्यांचा एखादा भाग मोडला तर? बाजारात तो मिळणार नाही. मोडका तुकडा समोर ठेवायचा, त्यावरून पॅटर्न करायचा, ओतायचा, छिलायचा. वाफेची ती इंजिने दशकानुदशके डोंगर चढली त्याचे श्रेय अशा सुट्या भागांवर मेहनत घेणाऱ्या कामगारांनाही आहे. त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत.

तिकडे घाटाच्या पायथ्याला वेगळी गोष्ट घडत होती. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली येऊन पेल्टन चक्रांच्या वाट्यांवर आदळू लागले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पुढे १९६२ मध्ये फ्रान्सच्या उजीन कंपनीच्या सहकार्याने महिंद्र उजीन स्टील ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना खोपोलीत उभा राहिला. तिथे निघू लागलेल्या मिश्र पोलादांत टूल स्टीलही होते, म्हणजे ज्याचे डाय आणि साचे बनतात ते पोलाद. जो पट्टा शंभर वर्षे दुसऱ्यांच्या साच्यांतून निघालेली यंत्रे बघत होता, तो आता साच्यांसाठी पोलाद पुरवू लागला. रायगडच्या औद्योगिक इतिहासात या घटनेला मानाची जागा मिळायला हवी.

साच्यालाच वळसा घालण्याची कल्पना आकाराला आली ती जपानमध्ये. नागोया शहराच्या औद्योगिक संशोधन संस्थेत काम करणारे हिदेओ कोदामा यांनी १९८० च्या सुमारास प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे थर एकावर एक चढवून वस्तू उभी केली. पेटंटसाठी अर्जही केला, पण पुढची प्रक्रिया मुदतीत पूर्ण झाली नाही आणि हक्क हातचा गेला. अमेरिकेत चक हल यांनी १९८४ मध्ये अशाच पद्धतीसाठी अर्ज केला, १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी त्यांची थ्रीडी सिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली. पाठोपाठ प्लॅस्टिकची तार वितळवून रांगोळीच्या रेषेसारखी थरावर थर सोडणारी स्कॉट क्रम्प यांची पद्धत आली. धातूची किंवा प्लॅस्टिकची भुकटी लेझरने जोडणारी यंत्रेही आली.

तरीही वीस वर्षे थ्रीडी प्रिंटिंगचे हे तंत्र मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांतच राहिले, कारण यंत्रे अतोनात महाग होती. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप प्रकल्प सुरू केला आणि प्रिंटरचे आराखडे सर्वांना खुले केले. २००९ मध्ये क्रम्प यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली. तेव्हापासून किमती अशा कोसळल्या की कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणि छोट्या वर्कशॉपच्या टेबलावर प्रिंटर दिसू लागले. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र सुरू झाले, त्याच्या शाखा पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत निघाल्या. डॉक्टरच्या मनातले उपकरण काही दिवसांत हातात घेऊन पाहता येऊ लागले, ते साच्याचा खर्च मधून गेल्यामुळेच.

कारखानदारीत या तंत्राने काय साधले याचा सर्वांत ठोस पुरावा विमानांत आहे. लीप या विमानाच्या इंजिनातले इंधन सोडणारे नोझल पूर्वीच्या पद्धतीने केले असते तर सुमारे वीस तुकडे जोडावे लागले असते. अमेरिकेच्या जीई कंपनीने ते अखंड एका तुकड्यात छापले आणि वजन पाव हिश्शाने घटले. २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत असे तीस हजार नग अमेरिकेतल्या एका कारखान्यातून बाहेर पडले होते. मुंबईहून उडणाऱ्या आकासा एअरच्या बोइंग ७३७ मॅक्स विमानांना हीच इंजिने आहेत. जर्मन रेल्वेने २०१५ पासून सुटे भाग छापायला घेतले, आणि सुरुवात झाली ती डब्यातल्या कोट अडकवायच्या खुंटीपासून. ज्या भागाचा मूळ पुरवठादार केव्हाच बंद पडला आहे, त्याचे मोजमाप घेऊन तो छापायचा. माथेरानच्या गाडीसारख्या जगभरच्या जुन्या गाड्यांना याहून मोठा आधार कोणता?

मात्र छपाईने कारखाने मोडीत निघतील ही भाकिते खरी मानण्याचे कारण नाही. प्लॅस्टिकची बादली साच्यातून काही सेकंदांत पडते, तीच प्रिंटरवर काढायची तर अनेक तास जातील. धातूची भुकटी साध्या पोलादाच्या कित्येक पट महाग. छापलेला तुकडा यंत्रातून निघाला की काम संपत नाही: छापताना दिलेले आधार कापायचे, उष्णता द्यायची, महत्त्वाचे पृष्ठभाग पुन्हा मशिनवर घ्यायचे. लाखांत खपणाऱ्या वस्तूंसाठी साचाच स्वस्त आहे आणि पुढेही बराच काळ राहील.

खरा बदल घडतो आहे तो साच्याच्या पोटात. फाउंड्रीत आता लाकडी पॅटर्नशिवाय काम होऊ शकते: प्रिंटर वाळूचा पातळ थर पसरतो, हव्या त्या जागीच चिकट द्रव सोडतो आणि संगणकातल्या चित्रावरून वाळूचा साचा आणि कोअर थेट तयार होतात. प्लॅस्टिकच्या साच्यांत थंड पाणी फिरवायला भोके पाडतात. ती ड्रिलने पाडली तर सरळच जाणार. छापलेल्या पोलादी साच्यात पाण्याची वाट वस्तूच्या वळणांबरोबर वळते, माल लवकर थंड होतो आणि प्रत्येक नगामागे काही सेकंद वाचतात. पेल्टन चक्राच्या वाट्याही ओतण्याऐवजी रोबोने वेल्डिंगचे थर चढवून घडवण्याची पद्धत युरोपातल्या आँद्रित्झ कंपनीने वापरात आणली आहे. खोपोली-भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रांत ज्या जातीची चक्रे शतकभर फिरली, त्याच जातीची ही चक्रे.

आकसण्याचे गणित मात्र कुठेही गेलेले नाही. वाळू छापली तरी बीड पूर्वीइतकेच आकसते. लेझरने वितळवलेला धातू थरागणिक गार होताना ताण धरतो आणि तुकडा वाकतो. कुठे आधार द्यायचा, किती माल शिल्लक ठेवायचा, कोणत्या अंगावर वस्तू उभी करायची, हे ठरवायला पॅटर्नमेकरचीच नजर लागते. जुने मिस्त्री निवृत्त होत असताना ही नजर कागदावर न उतरवता जाऊ देणे हे मोठे नुकसान आहे.

खोपोलीच्या कारखान्यात २०१२ मध्ये जपानच्या सान्यो स्पेशल स्टीलने भागीदारी घेतली. ही कंपनी तिकडे धातूची भुकटीही बनवते, थ्रीडी प्रिंटरला लागते ती. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये या तंत्रासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि आयटीआयच्या अभ्यासक्रमांत थ्रीडी प्रिंटिंगचा ट्रेड आला आहे. शेलू, नेरळ, भिवपुरीची मुले सकाळच्या लोकलने कामासाठी मुंबईच्या दिशेने जातात. टूल स्टीलचा कारखाना ज्यांच्या तालुक्याला लागून आहे, त्यांना हा ट्रेड कर्जत-खालापुरातच शिकता यायला हवा. तिथे शिकवायला एका संगणकवाल्याबरोबर एक निवृत्त पॅटर्नमेकरही हवा.